पुण्यात पहिलं घर घेताना: आधी बँक, मग बिल्डर

पुण्यात घर घ्यायचा नेहमीचा क्रम असा असतो. रविवारी होर्डिंग बघून साइटवर जायचं, एसी लावलेला सॅम्पल फ्लॅट बघायचा, 'आजच बुक केलं तर ऑफर आहे' हे ऐकून टोकनचा चेक द्यायचा आणि सोमवारी बँकेत जाऊन विचारायचं, 'मला कर्ज किती मिळेल?' हा क्रम बरोबर उलटा करा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. लातूर, जळगाव, अकोल्याहून नोकरीसाठी येऊन इथे स्थिरावलेल्या आणि पहिल्यांदाच कर्जाच्या वाटेला जाणाऱ्या कुटुंबांसाठी हे लिहितो आहे. ज्यांची इथे आधीच दोन घरं आहेत त्यांना यात नवीन काही सापडणार नाही.

पहिली पायरी: हातात रोकड किती लागेल?

'घराच्या वीस टक्के आपल्याकडे असले की झालं' हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. शिवाय ही किंमत म्हणजे घराची किंमत. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात धरत नाहीत. अगदी स्वस्त, दहा लाखांच्या आतल्या घरांना तेवढा अपवाद आहे आणि पुण्यात तो कामाचा नाही.

समजा रावेतला बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा टू बीएचके आहे. कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख, म्हणजे १६ लाख आपले. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात, ते ५ लाख ६० हजार. नोंदणी फी एक टक्का असते, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. बांधकाम चालू असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. बेरीज २५ लाख ९० हजार. ही झाली सरकारी आणि बँकेची गणितं. ताब्याच्या वेळी बिल्डर बहुतेक वेळा दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, त्यावर सोसायटी स्थापनेचा, कधी क्लब हाउसचा खर्च येतो. मग ग्रिल, पंखे, स्वयंपाकघरातली ट्रॉली. ८० लाखांच्या घराला तीसेक लाख स्वतःचे लागतात असंच धरून चाला.

यात वाचवण्यासारखं काय आहे?

तयार घर, म्हणजे पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतला फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही. घर ४५ लाखांपर्यंतचं आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, ९० चौरस मीटरपर्यंतचं असेल तर बांधकाम चालू असतानाही जीएसटी फक्त १ टक्का. मुंबईसारख्या महानगरांत ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे. पुणे त्या महानगरांच्या यादीत नाही आणि याबाबतीत ते आपल्या पथ्यावरच पडलं आहे.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आपल्या उदाहरणात ती ८० हजारांची. पण करारनाम्यात नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत गेली. नवरा मालक नसतानाही सहकर्जदार होऊ शकतो आणि त्याचा पगार पात्रतेत धरला जातो. मात्र तसं केलं तर व्याजावरची आयकर सवलत त्याला घेता येत नाही, कारण त्यासाठी कर्ज आणि मालकी दोन्हीत नाव लागतं. कोणाचं उत्पन्न किती, कोण कुठल्या करपद्धतीत आहे, हे घरी बसून कागदावर मांडा आणि मग ठरवा. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. जुन्या पद्धतीत ती वर्षाला २ लाखांपर्यंत आहे आणि मुद्दलाची परतफेड दीड लाखाच्या मर्यादेत बसते. त्यामुळे 'टॅक्स वाचतो म्हणून कर्ज काढा' हा सल्ला आता बहुतेक पगारदारांसाठी शिळा झाला आहे.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नसेल तर प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधलं व्याज अनुदान तपासा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावं लागतं. कमाल अनुदान १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. गावाकडचं घर वडिलांच्या नावावर आहे की तुमच्या, हा प्रश्न इथे येतो, तेव्हा उतारा आधी बघून घ्या.

आणि एक कडक नियम: सगळी पुंजी डाउन पेमेंटमध्ये ओतू नका. सहा महिन्यांचे हप्ते पुरतील एवढी रक्कम बाजूला राहत नसेल तर घर लहान बघा किंवा वर्षभर थांबा. हिंजवडीतली नोकरी कायमची आहे असं समजून २० वर्षांचं कर्ज घेणारे खूप आहेत.

दुसरी पायरी: स्वतःकडे बँकेच्या नजरेने बघा

बँक दोन गोष्टी आधी बघते. एक सिबिल, म्हणजे आधीची कर्जं आणि कार्डाची बिलं तुम्ही कशी फेडलीत याची नोंद. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. घर शोधायच्या चार-सहा महिने आधी तो काढा. जुन्या क्रेडिट कार्डाचे राहिलेले चारशे रुपये, मित्राला जामीन राहिलेलं कर्ज, 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) असा शेरा असलेलं बाइकचं कर्ज, असलं काहीतरी त्यात हटकून निघतं आणि ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हातात येणाऱ्या पगारातला किती भाग हप्त्यांत जातो. साधारण निम्म्यापर्यंत बँका चालवून घेतात, पगार मोठा असेल तर थोडं पुढेही जातात. पण बँक देते म्हणून घ्यायचं नसतं. घरभाड्याच्या पावत्या थांबतील हे खरं, पण मेंटेनन्स, मिळकतकर आणि लांब राहायला गेल्यामुळे वाढलेला पेट्रोलचा खर्च सुरू होईल. दोघांच्या मिळून पगाराच्या चाळीस टक्क्यांवर हप्ता जाऊ देऊ नये, असं माझं मत. मूल लहान असेल आणि एकाची नोकरी काही काळ सुटण्याची शक्यता असेल तर एकाच पगारावर हप्ता निघतो का, तेही करून बघा.

कागदपत्रं ठरलेली: पॅन, आधार, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन वर्षांचे फॉर्म १६. व्यवसाय असेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं आणि ताळेबंद. कर्ज मंजूर होईपर्यंत नोकरी बदलू नका, नवी गाडी हप्त्यावर घेऊ नका आणि एकाच आठवड्यात सात बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये उमटते.

घर ठरलेलं नसतानाही बँक उत्पन्न बघून प्राथमिक मंजुरीपत्र देते. ते खिशात ठेवून साइटवर गेलात की सेल्सवाल्याशी बोलायचा सूरच बदलतो.

तिसरी पायरी: कर्ज निवडणं

इथे घाई नको. लोक भावाच्या घासाघिशीत दोन महिने घालवतात आणि कर्जाच्या कागदांवर दहा मिनिटांत चाळीस सह्या करतात.

व्यापारी बँकांची फ्लोटिंग, म्हणजे मुदतीत वर-खाली होणाऱ्या दराची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९पासून बाहेरच्या मानकाला, बहुधा रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला), जोडलेली असतात. रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे तिने वर लावलेला जादा टक्का, मिळून तुमचा दर, आणि तो किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मानकावर चालतो. त्यामुळे रेपो खाली आला तरी तिथे हप्ता लगेच खाली येईलच असं नाही. कागद अगदी स्वच्छ असतील तर मी आधी बँकेकडे जाईन. उत्पन्नाचा पुरावा कच्चा असेल तर गृहवित्त कंपनी काम लवकर करते, पण दर चढा लावते.

मुदतीचं गणित बघा. ५० लाख, साडेआठ टक्के. २० वर्षांसाठी हप्ता ४३,३९१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५४ लाख. १५ वर्षांसाठी हप्ता ४९,२३७ आणि व्याज साडेअडतीस लाखांच्या आसपास. महिन्याला पाच हजार आठशे जास्त भरले की साडेपंधरा लाख वाचतात. ३० वर्षांना हप्ता ३८,४४६ दिसतो, पण व्याज ८८ लाखांवर जातं. २० वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजार. पाच वर्षं भरून 'कर्ज कमीच होत नाही' अशी तक्रार ऐकू येते, तिचं कारण हे.

दर वाढले की काय होतं, हे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात अनेकांनी पाहिलं. रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या नव्या कर्जाचा हप्ता ३८,७६५. दर साडेनऊ झाला तर महिन्याचं व्याजच ३९,५८३ होतं. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल वाढत जातं. हप्ता तेवढाच ठेवून मुदत गुपचूप लांबवायची बँकांची सवय तेव्हा उघडी पडली. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना ग्राहकाला कळवा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्या. तुमच्याकडे असा मेसेज आला तर न वाचता सोडू नका. हप्ता वाढवणं झेपत असेल तर तोच पर्याय घ्या.

तुलना करताना नुसता जाहिरातीतला दर बघू नका. ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं सक्तीचं आहे. त्यात प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणीची फी, विमा असं सगळं धरून वार्षिक खर्चाचा एकच टक्का, एपीआर, दिलेला असतो. दोन-तीन बँकांची ही पत्रकं शेजारी ठेवा. ज्याला स्प्रेड म्हणजे काय हे समजावून सांगता येत नाही, त्या एजंटाला चहा पाजून निरोप द्या.

कर्जाला जोडून दिला जाणारा एकरकमी विमा सक्तीचा नसतो, कोणी काहीही म्हणो. त्याचा हप्ता कर्जातच मिसळतात आणि मग त्यावरही २० वर्षं व्याज भरावं लागतं. कर्जाएवढा साधा टर्म इन्शुरन्स वेगळा घ्या. तो बहुधा स्वस्त पडतो आणि बँक बदलली तरी सोबत राहतो. विमा मात्र घ्याच. सासू-सासऱ्यांवर किंवा आई-वडिलांवर हप्ते टाकून जायची वेळ कोणावर येऊ नये.

चौथी पायरी: आता घर बघा

महारेरा म्हणजे रेरा कायद्याखाली राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं प्राधिकरण; त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. ताब्याची जाहीर केलेली तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर कोणाचं कर्ज आहे, कोर्टात काय चालू आहे, सगळं तिथे दिसतं. भाव नेहमी कार्पेटवर काढा. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस येत नाहीत. सेल्सवाला अजूनही 'सेलेबल', म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा धरलेला आकडा बोलतो, कारण तो मोठा दिसतो.

किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी घ्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. 'आत्ता वीस टक्के द्या, करार पुढच्या महिन्यात करू' हे वाक्य ऐकलं की उठा.

मग हद्दीचा प्रश्न. फ्लॅट पुणे महापालिकेत आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये आहे की पीएमआरडीएत, म्हणजे महापालिकांबाहेरच्या महानगर विकास प्राधिकरणाच्या भागात? वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे यांच्यासह २३ गावं २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली, पण कर शहराचा आणि पाणी टँकरचं अशी तक्रार तिथल्या अनेक सोसायट्यांत आजही ऐकू येते. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स म्हणजे कधीही न संपणारा हप्ता. म्हणून शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या वॉचमनला किंवा कमिटीतल्या कोणाला एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात ते विचारा. ब्रोशरमध्ये हा आकडा छापत नाहीत.

आंबेगाव, धायरी, नऱ्हे या पट्ट्यात आणि शहराच्या कडेकडेने, आजूबाजूच्या दरापेक्षा पंधरा-वीस लाखांनी स्वस्त फ्लॅट दिसतात. कारण बहुतेकदा एकच: बांधकामाचा मंजूर नकाशाच नसतो, किंवा जमीन गुंठ्या-गुंठ्यांनी तोडलेली असते. अशा घराला मोठ्या बँका कर्ज देत नाहीत. मग ब्रोकर म्हणतो, 'आपली एक पतसंस्था आहे, तिथून करून देतो.' बँकेचा वकील मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल काढतो, इंजिनिअर जागेवर जातो आणि दोघं मिळून 'नको' म्हणतात, तेव्हा तुम्हाला चांगला कायदेशीर सल्ला जवळजवळ फुकटात मिळालेला असतो. तो धुडकावून महाग कर्ज शोधत फिरू नका. अर्थात बँकेने 'हो' म्हटलं म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. तिचा वकील तिचे पैसे सांभाळतो. स्वतःचा वकील लावा आणि त्याला सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी बघायला द्या. लाखांच्या व्यवहारात ही काही हजारांची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

रीसेल घेत असाल तर

कोथरूड, सहकारनगर, औंधमध्ये बहुधा रीसेलच मिळेल. तिथे मूळ करारनाम्यांची पूर्ण साखळी, प्रत्येकाची सूची क्रमांक २ (नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा), सोसायटीचा शेअर दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) बघा. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालं आहे का, हेही विचारा. उद्या पुनर्विकास आला तर त्यावर सगळं अडतं. सोसायटी हस्तांतरणासाठी प्रीमियम म्हणून २५ हजारांहून जास्त मागू शकत नाही. 'देणगी' या नावानेही नाही.

विकणारा थोडी रक्कम रोखीत मागेल. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे. ते बाजूला ठेवलं तरी कर्ज हे खरेदीच्या करारातल्या किमतीवर मिळतं, म्हणजे रोखीची रक्कम पूर्ण तुमच्या खिशातून जाते, आणि पुढे घर विकताना नफा फुगून कर जास्त लागतो. विकणाऱ्याचा कर वाचवायला आपण का भरायचं?

पाचवी पायरी: करार, नोंदणी आणि पैसे सुटणं

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते; पुण्यात या कार्यालयांना हवेली क्रमांक अमुक असं म्हणतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक वेळी पैसे देताना १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाचा आगाऊ आयकर) कापून आयकराच्या पोर्टलवर भरायचा असतो, आणि ही जबाबदारी घेणाऱ्याची. हा जादा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशातला आहे. पण भरायला विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या नावावर चढतं. विकणारा परदेशस्थ असेल तर टीडीएसचे नियम अगदी वेगळे आणि दर खूप जास्त, तेव्हा सीएशिवाय पुढे जाऊ नका.

बँक आधी तुमचा वाटा भरून घेते, मग बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे सोडते. महाराष्ट्राच्या नमुना करारात हे टप्पे दिलेले आहेत: करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५ पर्यंत, स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० पर्यंत आणि शेवटचा भाग ताब्याच्या वेळी. बिल्डरचं डिमांड लेटर आलं की एकदा साइटवर जाऊन स्लॅब खरंच पडला आहे का ते बघून या. या काळात फक्त व्याज भरायचं, म्हणजे प्री-ईएमआय, की पूर्ण हप्ता सुरू करायचा, असं बँक विचारते. घरभाडं भरूनही झेपत असेल तर पूर्ण हप्ता. प्री-ईएमआयने मुद्दल एक रुपयाही कमी होत नाही, आणि प्रकल्प दोन वर्षं लांबला की ती दोन वर्षं पाण्यात.

कर्जाचं तारण म्हणून बँकेत मूळ कागद ठेवल्यावर तीस दिवसांत निबंधकाकडे 'नोटीस ऑफ इंटिमेशन', म्हणजे घर गहाण असल्याची सूचना, दाखल करायची असते. तिची फी आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क किती, ते मंजुरीच्या वेळीच लेखी विचारून घ्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात पळापळ होत नाही.

ताबा मिळाल्यावर

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चावी घेऊ नका, गृहप्रवेशाचा मुहूर्त कितीही चांगला असो. गळती, तडे वगैरे बांधकामातले दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवले तर बिल्डरला ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे लागतात, म्हणून तक्रार ईमेलने करा. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पण नव्या मालकाला ती आपोआप मिळत नाही. पीटी-३ अर्ज भरून राहत असल्याचे पुरावे जोडावे लागतात.

पुढच्या वर्षांत बोनस आला की थोडी थोडी मुदतपूर्व परतफेड करत राहा. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर बँकेला किंवा गृहवित्त कंपनीला त्यासाठी दंड लावता येत नाही. हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारतील तेव्हा मुदत सांगा. तुमच्याच बँकेत नव्या ग्राहकाला कमी स्प्रेड मिळतो आहे असं दिसलं तर अर्ज करून तोच मागा. थोडी फी घेऊन बहुधा देतात. नाही दिला तर दुसरीकडे कर्ज हलवायची तयारी दाखवा.

कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३पासून लागू आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. कागद ताब्यात घेताना मंजुरीच्या वेळी दिलेल्या यादीशी एक एक ताडून बघा, आणि सोसायटीतली बोजाची नोंद काढून टाकायचं पत्र त्याच भेटीत मागून घ्या.